पाचवीची लस, दहावीची लस : शाळेतून निरोप आला की पालकांनी काय बघावं?



"उद्या शाळेत इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांचे लसीकरण आहे. पाल्यास नाश्ता देऊन पाठवावे." अशी दोन ओळींची सूचना आपण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि काम झालं असं समजतो. संध्याकाळी फोन सुरू होतात. कसली लस आहे मॅडम? लहानपणी तर सगळ्या दिल्यात की. मागच्या महिन्यात गुडघा फुटला तेव्हा दवाखान्यात टीटी दिलंय, आता परत कशाला? ताप आला तर चाचणी बुडेल का? असे फोन करणारे पालक मला आवडतात. काळजी वाटते ती न विचारणाऱ्यांची. एरवी एक दिवस न चुकवणारी त्यांची मुलं नेमकी त्या दिवशी "मामाच्या गावाला" गेलेली असतात!

म्हणून आज या एकाच लसीबद्दल सविस्तर लिहिते आहे. तिचं नाव टीडी. शाळेच्या वयातली ही सगळ्यात नेमाची लस आणि सगळ्यात विसरली जाणारीसुद्धा.

कोणत्या वयाला काय

बाळ जन्मल्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत लसीकरणाचं वेळापत्रक घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. आशाताई घरी येऊन आठवण करतात, आजी कार्ड सांभाळते. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट होते, नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमारास डीपीटीचा पहिला बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस. इथे बहुतेक घरांत ते कार्ड कपाटात जातं ते कायमचंच.

राष्ट्रीय वेळापत्रक मात्र इथे संपत नाही. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, म्हणजे मूल पहिलीत येतं तेव्हा. मग दहाव्या वर्षी टीडी आणि सोळाव्या वर्षी पुन्हा टीडी. दहा म्हणजे साधारण पाचवी, सोळा म्हणजे साधारण दहावी. आपल्या भाषेत "पाचवीची लस" आणि "दहावीची लस" हे शब्द तिथूनच आले. वयाची मुलं एका जागी सापडतात ती शाळेतच, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राची माणसं शाळेत येतात.

पूर्वी याच वयाला टीटी, म्हणजे फक्त धनुर्वाताची लस मिळायची. २०१९ पासून तिच्या जागी टीडी आली. टी म्हणजे टिटॅनस, धनुर्वात. डी म्हणजे डिप्थीरिया, घटसर्प. पैसे लागत नाहीत, सरकारी केंद्रावरही नाहीत आणि शाळेतही नाहीत.

"घटसर्प तर जनावरांना होतो ना?"

हा प्रश्न मला पालक सभेत हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचून घेतात हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. मराठीत दोन्ही आजारांना एकच नाव पडलं, एवढाच घोटाळा आहे. जनावरांचा घटसर्प वेगळ्या जंतूमुळे होतो, माणसांचा वेगळ्या. जनावरांचा माणसाला लागत नाही आणि जनावरांच्या लसीचा आपल्या टीडीशी काही संबंध नाही. तुमच्या गावात कुणी "शाळेत पोरांना गुरांची लस देतात" असं म्हणत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. नावाच्या गोंधळातून ते आलेलं आहे. दोन मिनिटं बसून समजावलं तर मिटतं.

माणसांचा घटसर्प घशात होतो. सुरुवातीला साधा घसा दुखतो, ताप येतो. मग टॉन्सिलवर राखाडी रंगाचा, चिवट पापुद्रा धरतो, तो खरवडायला गेलं तर रक्त येतं. मान सुजते. हा पापुद्रा पसरला तर श्वास कोंडतो. पण खरा धोका त्याहून आत आहे. हा जंतू घशातच बसतो, तिथे विष तयार करतो आणि ते विष रक्तातून हृदयापर्यंत, नसांपर्यंत जातं. घसा बरा वाटायला लागल्यावर पुढच्या आठवड्यांत हृदय बंद पडून मूल दगावू शकतं.

धनुर्वाताचंही तसंच. जंतू जखमेत असतो, विष अंगभर. जबडा आवळतो, पाठीचे स्नायू ताठरतात आणि रुग्ण धनुष्यासारखा वाकतो. त्या वाकण्यावरूनच आजाराचं नाव पडलं आहे. पाचवीच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहिते आणि फोड करायला सांगते: धनुः अधिक वात. मुलं परत विसरत नाहीत.

आता बारकाईने बघा. दोन्ही आजारांत मारतं ते विष. म्हणून लसही जंतूची नाही, विषाची आहे. प्रयोगशाळेत ते विष निष्प्रभ करतात, त्याची नांगी मोडतात आणि मग टोचतात. त्याला टॉक्सॉइड म्हणतात. शरीर त्याला ओळखायला शिकतं आणि खरं विष आलं तर पकडतं. लसीत जिवंत जंतू नाही, त्यामुळे टीडी घेऊन घटसर्प किंवा धनुर्वात होऊच शकत नाही. "लसीनेच आजार आला" असं कुणी म्हटलं तर या लसीपुरतं तरी हे उत्तर पक्कं आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. गोवर एकदा झाला की सहसा परत होत नाही. धनुर्वाताचं तसं नाही. त्याचं विष इतक्या थोड्या मात्रेत मारक असतं की शरीराला ते ओळखून ठेवायची संधीच मिळत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुढे लस घ्यावीच लागते.

एक सुई, पण हिशोब दोन

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला इथे वाटतो, म्हणून थोडं थांबते.

घटसर्प एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो, खोकण्या-शिंकण्यातून. त्यामुळे वर्गातल्या बहुतेक मुलांनी लस घेतली असेल तर जंतूला पुढे जायला वाट मिळत नाही. एखाद्या मुलाला काही कारणाने लस देता आली नाही, तर बाकीच्यांच्या आडोशाने तेही बऱ्यापैकी सुरक्षित राहतं.

धनुर्वातात आडोसा नाही. त्याचा जंतू माणसाकडून येत नाही, मातीतून येतो. शेतात, गोठ्यात, शेणखतात, रस्त्याच्या धुळीत त्याची बीजं वर्षानुवर्षं टिकतात. शेजारच्या बाकावरच्या सगळ्या मुलांनी लस घेतली तरी तुमच्या मुलीच्या पायात काटा मोडला तर त्यांच्या लसीचा तिला काही उपयोग नाही. "सगळे घेतायत ना, आमच्या एकाने नाही घेतली तर काय बिघडतं?" या प्रश्नाला गोवराच्या किंवा घटसर्पाच्या बाबतीत निदान वाद घालायला जागा आहे. धनुर्वाताच्या बाबतीत नाही.

जाता जाता गंजलेल्या खिळ्याचा गैरसमज. गंजात विष नसतं. गंजका खिळा बाहेर मातीत पडलेला असतो आणि तो खोल रुततो, जिथे हवा पोचत नाही. या जंतूला तेच हवं असतं. त्यामुळे बाभळीच्या काट्याने, खुरप्याच्या घावाने, चकचकीत नव्या खिळ्यानेही धनुर्वात होऊ शकतो. जखमेवर माती, राख किंवा शेण लावायची पद्धत तर सरळ आमंत्रणच. बाळंतिणीला आणि नवजात बाळाला होणारा धनुर्वात आपल्या देशात जवळपास नाहीसा झाला, २०१५ मध्ये त्याचं निर्मूलन झाल्याचं अधिकृतपणे मान्य झालं. पण मातीतला जंतू तिथेच आहे. देवी हा रोग जगातून गेला तसा धनुर्वात जाणार नाही. प्रत्येक पिढीने आपापली लस घ्यायची, इतकंच.

लहानपणी दिल्या, तर आता परत का?

कारण या दोन आजारांविरुद्धची ताकद हळूहळू उतरते. मोबाईलचं चार्जिंग म्हणा हवं तर, ही उपमा मुलांना लगेच कळते. बाळपणीचे डोस म्हणजे पहिलं चार्जिंग. पहिलीतला, पाचवीतला आणि दहावीतला डोस म्हणजे अधूनमधून लावलेला चार्जर. फक्त बाळपणीच्याच लसींवर भर दिला आणि पुढचे बूस्टर सुटत गेले, तर आजार मोठ्या मुलांकडे सरकतो. भारतात घटसर्पाचं असंच झालेलं दिसतं. पूर्वी तो पाच वर्षांखालच्या बाळांचा आजार होता, आता शाळेच्या वयातली आणि त्याहून मोठी मुलंही त्यात असतात. २०१८ या एका वर्षात भारतातून जागतिक आरोग्य संघटनेकडे घटसर्पाचे आठ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. "गेलेला आजार" म्हणून आपण ज्याचं नावही घेत नाही, त्याचा हा आकडा आहे.

झाल्यावर औषध नाही का? आहे. त्याला अँटिटॉक्सिन म्हणतात आणि ते घोड्याच्या रक्तातून बनवतात. एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ सालचं वैद्यकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल याच कामासाठी मिळालं. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम या बर्फात अडकलेल्या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी हजारभर किलोमीटर टप्प्याटप्प्याने धावून साडेपाच दिवसांत हे औषध पोचवलं. बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये आहे. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, रंगून ऐकतात. पण गोष्टीतली मेख बघा: अँटिटॉक्सिन लवकर मिळालं तरच उपयोग. एकदा विष हृदयात, नसांत शिरलं की ते बाहेर काढता येत नाही. आणि हे औषध कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत घटसर्पाने मुलं दगावली, तेव्हाही अँटिटॉक्सिनच्या तुटवड्याच्या बातम्या आल्या होत्या. राजधानीत ही गत, तर आपल्या तालुक्याचं काय?

लसीच्या दिवशी शाळेत काय चालतं

पालक त्या वेळी समोर नसतात, म्हणून हे जरा तपशिलात सांगते. शिक्षकांनीही या गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात. आरोग्य सेविकेच्या कामात लुडबूड करायची नाही, पण माहीत असलं की मन निर्धास्त राहतं.

लस येते ती बर्फाच्या पॅकमध्ये, छोट्या निळ्या-पांढऱ्या डब्यातून. टीडी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. उन्हाने बिघडते तशी ती गोठूनही बिघडते, हे लक्षात ठेवा. म्हणून "मॅडम, जास्त गार राहील" म्हणून कुणी डबा शाळेच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायला निघालं तर थांबवा. बाटलीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक छोटी खूण असते, गोल आणि आत चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर ती बाटली वापरायची नाही. शिक्षकाने ही खूण दाखवायला सांगितली तर कोणतीही सेविका आनंदाने दाखवते.

एका बाटलीत दहा डोस असतात. आधी उघडलेली बाटली बघून काही पालक बिचकतात. टीडीची बाटली नीट थंड ठेवलेली असेल, खूण ठीक असेल आणि उघडल्याची तारीख लिहिलेली असेल, तर ती २८ दिवसांपर्यंत वापरायला परवानगी आहे. गोवर-रुबेलाचं तसं नाही, ती लस पावडरमध्ये पाणी मिसळून बनते आणि चार तासांत टाकून द्यावी लागते. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, म्हणून एका लसीबद्दल ऐकलेलं दुसरीला लावू नये.

सुई प्रत्येक मुलाला नवी. सरकारी लसीकरणात वापरतात ती सिरिंज एकदा दाबली की आपोआप अडकते, परत भरताच येत नाही. टोचून झालं की कटरने लगेच तोडतात. लस दंडावर देतात, अर्धा मिलिलीटर. टोचल्यावर मुलाला अर्धा तास तिथेच बसवायचं असतं. हा अर्धा तास शाळेच्या हातात आहे आणि आपल्याकडे तोच सगळ्यात आधी विसरला जातो. मधली सुट्टी झाली की मुलं मैदानावर पळतात. तेव्हा सत्र सुट्टीच्या आधी संपेल असं ठेवा, नाहीतर एका शिक्षकाने गोष्टीचं पुस्तक घेऊन त्या खोलीत बसावं.

नंतर काय होतं? दंड दुखतो, थोडा सुजतो, लाल होतो, काहींना कणकण येते. दोन-तीन दिवसांत जातं. ओल्या थंड कापडाची घडी ठेवावी. चोळू नये, शेकू नये, हळद-चुना लावू नये. तापाची गोळी किती द्यायची ते सेविकेला विचारून घ्यावं. घटसर्पाच्या बूस्टरने मोठ्या मुलांचा दंड जास्त सुजतो, म्हणून सात वर्षांपुढच्या मुलांसाठीच्या लसीत घटसर्पाचा भाग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. इंग्रजीत टीडी लिहिताना डी लहान लिपीत काढतात ते याचसाठी. डीपीटीमधला डी मोठा, टीडीमधला छोटा. मला हा बारकावा फार आवडतो, एका अक्षरात केवढा विचार!

एकीला चक्कर आली की...

शाळेतल्या लसीकरणात सगळ्यात जास्त गोंधळ लसीमुळे होत नाही, भीतीमुळे होतो. हे मोठ्या वर्गांत जास्त दिसतं. रांगेत उभं राहून पुढच्याचं तोंड वाकडं झालेलं बघायचं, उपाशी पोट, कोंदट खोली. एक मुलगी घामाघूम होऊन खाली बसते. तिच्या मागची दोघी बसतात. बाहेर कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करतं आणि तासाभरात "शाळेत लसीने मुली बेशुद्ध" अशी बातमी तीन गावांत.

असं जगभर घडलेलं आहे. १९९८ मध्ये जॉर्डन देशात शाळांमधून हीच टीडी लस दिली जात होती. आठशेहून जास्त मुलांना आपल्याला लसीचा त्रास झाला असं वाटलं, १२२ जणांना दवाखान्यात दाखल केलं. तपासणीत लसीत दोष निघाला नाही. बहुतेकांची लक्षणं भीतीतून आणि एकमेकांचं बघून आलेली होती. मुलं नाटक करत होती असा याचा अर्थ मुळीच नाही. चक्कर खरी असते, घाम खरा असतो. कारण फक्त बाटलीत नसतं.

भीतीची चक्कर सहसा टोचण्याच्या वेळी किंवा लगेच नंतर येते. चेहरा पांढरा पडतो, घाम येतो. आडवं करून पाय उंच ठेवले की मूल मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडतं. खरी तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, पण ती वेगळी दिसते: अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर. आडवं केल्यानेही बरं वाटत नाही. त्यासाठी सेविकेजवळ ॲड्रेनालिनचं इंजेक्शन असलेली पेटी असते, ते लगेच द्यायचं आणि १०८ बोलवायची. अर्धा तास बसवून ठेवायचं ते यासाठीच.

चक्करचं प्रमाण कमी करायला शाळा बरंच काही करू शकते. खिचडी आधी, लस नंतर. रांग खोलीच्या बाहेर, टोचण्याची जागा पडद्याआड. बसूनच टोचायचं. सगळ्यात घाबरलेल्या मुलाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही, लवकर मोकळं करायचं. घरी पालकांनी एवढंच करावं: "काही होत नाही, मुंगी चावते तसं" असं खोटं सांगू नका. दुखतं. "दुखेल, पण थोडंच, दहा अंक मोजेपर्यंत थांबेल" असं सांगितलेलं मूल जास्त धीराने बसतं. आणि "जास्त मस्ती केलीस तर इंजेक्शन देईन" ही धमकी आपल्या घरातून कायमची काढून टाका. वर्षभर ती दिली की लसीच्या दिवशी आम्हाला वसूल होते.

चिठ्ठीवर सही

पालकांची संमती हा सोपस्कार नाही. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांमधली गोवर-रुबेला मोहीम स्थगित केली होती, कारण पालकांना नीट माहिती आणि त्यांची संमती यांचा प्रश्न होता. आपल्या राज्यात ती मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. तेव्हाच्या वंध्यत्वाच्या अफवा आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. माहिती उशिरा पोचली की तिची जागा अफवा घेते.

म्हणून माझं शिक्षक मित्रांना सांगणं आहे, सूचना आदल्या दिवशी नको, निदान आठवडाभर आधी जाऊ द्या. त्यात लसीचं नाव असू द्या. आणि खाली पालकांनी लिहायला जागा ठेवा. पालकांनी त्या जागेत काय लिहावं? आधीच्या कोणत्याही लसीनंतर मुलाला दम लागला, गांध्या आल्या, दवाखान्यात न्यावं लागलं असेल तर ते सगळ्यात आधी. मूल एखाद्या मोठ्या आजाराचं औषध घेत असेल, फिट येत असेल, रक्त थांबायला त्रास होत असेल तर ते. नुकतीच जखमेसाठी टीटी किंवा टीडी घेतली असेल तर तारीख. खाजगी डॉक्टरांकडे दहाव्या वर्षीचा डोस झालेला असेल तर कार्डाची झेरॉक्स, म्हणजे परत टोचायची गरज नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीने लस रद्दच होते असं नाही. निर्णय आरोग्याची माणसं घेतील, त्यांना माहिती मिळाली पाहिजे.

साधी सर्दी, खोकला, पोट बिघडणं यासाठी लस टाळायची नसते. अंगात जोराचा ताप असेल तर पुढे ढकलतात. आणि "नाही" म्हणायचं असेल तर चिठ्ठीवर "नाही" लिहा, मुलाला घरी ठेवू नका. निदान बोलायला वाट राहते.

जी मुलं त्या दिवशी नसतात

आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि कितीतरी मुलं आईबापाबरोबर कारखान्यावर जातात, ती उन्हाळ्यात परततात. लसीचा दिवस मधल्या महिन्यांत आला तर ती सुटली. वीटभट्टीवरची, मेंढपाळांची, बदलीच्या नोकरीतली मुलं तशीच. यांच्याच बाळपणीच्या लसी अर्धवट असण्याची शक्यता जास्त. म्हणजे ज्याला गरज जास्त, तोच यादीतून गळतो.

शिक्षकांच्या हातात एक गोष्ट आहे. पहिलीत दाखला करताना आपण जन्माचा दाखला आणि आधार बघतो. त्याच वेळी माता-बाल संरक्षण कार्डही मागा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर राहिलेला असेल तर तिथेच कळतं. सातवं वर्ष उलटलं की डीपीटी देत नाहीत, मग टीडीच. टोळीबरोबर जाणाऱ्या पाचवीच्या मुलांची यादी दसऱ्याच्या आधी सेविकेला दिली तर त्यांचा डोस निघण्यापूर्वी होतो. आमच्याकडे हे जमतं, त्याला कुठलाही आदेश लागत नाही.

पालकांनो, कार्ड हरवलं असेल तर घाबरू नका. उपकेंद्राच्या रजिस्टरात नोंद सापडू शकते. अलीकडच्या लसींची नोंद यू-विनवर असेल तर मोबाईल नंबरवरून प्रमाणपत्र निघतं. नोंद कुठेच मिळाली नाही तरी लस नाकारत नाहीत. बाळपणी काहीच झालं नसेल तर मात्र शाळेतल्या एका सुईने भागत नाही. दुसरा डोस निदान चार आठवड्यांनी आणि पुढचा आणखी काही महिन्यांनी घ्यावा लागतो. हे सेविकेला मोकळेपणाने सांगा, कुणी रागावणार नाही.

शाळेचा दिवस चुकला तर उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत महिन्याचं लसीकरण सत्र असतं, तिथे दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांनाही टीडी मिळते. मोठ्या मुलाला घेऊन बाळांच्या रांगेत उभं राहायला पालकांना संकोच वाटतो, आणि दहावीच्या पोराला तर फारच. त्याला शाळा सुटल्यावर एकट्याला पाठवलंत तरी चालतं, फक्त हातात तुमच्या सहीची चिठ्ठी आणि पोटात दोन घास असू द्या. परत आला की कार्डावर तारीख टाकून घेतली का ते बघा.